गेंड्याचं चित्र आहे, माणसाचं नाही

चित्रकलेवर लिहायचा अधिकार तुला कुणी दिला, असं कुणी विचारायच्या आत सांगून टाकतो : कुणीच दिला नाही. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर काम करतो आणि कविता लिहितो. चित्रकलेच्या शाळेची पायरी मी चढलेलो नाही. पण ज्याचं चित्र काढलं जातं त्याला चित्राबद्दल बोलायचा अधिकार आहे की नाही? समोर अनोळखी माणूस बसवायचा, त्याचा चेहरा कागदावर उतरवायचा आणि त्याच्या आयुष्याची गोष्ट आपल्या मनानं रचून खाली लिहायची, हा धंदा जुना आहे. ह्या धंद्यात आपण कायम समोर बसणारे. रचणारे ते. म्हणून आज ह्या रचण्यावरच बोलायचं आहे. निमित्त आहे सवी सावरकर ह्या चित्रकाराच्या चित्रांचं. आडनाव वाचून दचकू नका. हा सावरकर नागपूरचा, आपल्यातला, बाबासाहेबांना मानणारा. त्याची छापलेली चित्रं हाताशी आली, ती पाहिली, आणि डोकं ठिकाणावर राहिलं नाही. पण त्याच्याकडं यायच्या आधी पुण्याला जावं लागेल, कारण त्याच्या चित्रातला माणूस पुण्याच्या रस्त्यावरचा आहे.

१

साल १७९०. गादीवर सवाई माधवराव पेशवा. कारभार नाना फडणवीसाचा. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट पुण्यात राहत होता आणि त्याला चित्रांचा नाद होता. त्याच्यासाठी गंगाराम चिंतामण तांबट नावाचा पुण्याचाच चित्रकार काम करी. हातात मोठं कसब. ह्या गंगारामानं १७९० च्या नोव्हेंबरात पेशव्याच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचं चित्र काढलं. ते आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात जपून ठेवलेलं आहे. पाठोपाठ जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला. त्यानं पेशव्याचं चित्र केलं, नानाचं केलं, महादजी शिंद्याचं केलं. शनिवारवाड्यात चित्र शिकवायला जागा मिळाली. वेल्स १७९५ साली मेला, तरी काम थांबलं नाही. त्याच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलनं लंडनला बसून १८०५ साली पेशव्याच्या दरबाराचं भलंमोठं चित्र पुरं केलं.

आता त्याच शहरात आणखी एक माणूस चालत होता. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिसंस्थेचे उच्चाटन'मध्ये त्याची नोंद केली आहे. पेशव्याच्या राजधानीत अस्पृश्यानं कमरेला झाडू बांधायचा, म्हणजे मागची पावलं आपोआप पुसली जातील. गळ्यात मडकं अडकवायचं, म्हणजे थुंकी रस्त्यावर पडणार नाही. डॉ. घुर्यांनी जातींवरच्या आपल्या १९३२ च्या पुस्तकात दुसरी गोष्ट लिहिली आहे : सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी तीनच्या नंतर महार-मांगांना पुण्याच्या वेशीच्या आत मज्जाव होता. का? तर त्या वेळी सावली लांब पडते.

सावलीचा हा कायदा चित्रकारांनी नीट वाचावा. ऊन तिरपं झालं, सावल्या लांबल्या, म्हणजे चित्र काढायची झकास वेळ. नेमक्या त्याच वेळी हा माणूस वेशीबाहेर. आणि भर दुपारी आत असला तरी त्याला समोर बसवून काढणार कोण? त्याला समोर बसवलं तर मधे अंतर किती ठेवायचं, इथनंच अडचण. पुण्यात तेव्हा रंग होते, कागद होता, हुकमी हात होते. परदेशी गुरू होता. गेंडा पाहून काढला गेला. मडकंवाल्या माणसाचं पाहून काढलेलं चित्र आपल्यापर्यंत आलेलं नाही.

ह्याला कुणी योगायोग म्हणेल. मी म्हणणार नाही. कुणाचा चेहरा लक्षात ठेवायचा आणि कुणाचा पुसायचा हे समाज ठरवतो, आणि चित्रकार बहुतेक वेळा समाजाचा पगारी असतो.

पुढं १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुण्यात चित्रशाळा काढली. हेच ते शास्त्रीबुवा, ज्यांनी 'निबंधमाले'तून जोतीबांची टिंगल केली. चित्रशाळेनं देवादिकांची आणि नाना फडणवीसासारख्या पेशवाई पुरुषांची रंगीत चित्रं छापली, आणि ती घराघरांतल्या भिंतींवर गेली. म्हणजे पेशवाई १८१८ साली बुडाली तरी भिंतीवरची चालूच राहिली. काळाचा उलटा फेरा असा, की सदाशिव पेठेतल्या त्याच चित्रशाळेच्या इमारतीत पुढं प्रा. विलास वाघांचं सुगावा प्रकाशन आलं आणि आपली पुस्तकं तिथनं बाहेर पडली. पण पुस्तकं आली म्हणून चेहरा परत आला असं होत नाही.

२

आपले चेहरे कागदावर आले ते इंग्रज आल्यावर. १८६८ ते १८७५ ह्या काळात लंडनहून 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ जाडजूड ग्रंथ निघाले. साडेचारशेच्या वर फोटो. देशभरच्या जातीजमातींचा माणूस धरून आणलेला, कॅमेऱ्यासमोर उभा केलेला, आणि शेजारी मजकूर : ही जात अशी, हिचा स्वभाव असा, ही इमानी, ती चोरटी. एका माणसाच्या तोंडावरून सगळ्या जातीची गोष्ट रचायची. त्या माणसाचं स्वतःचं नाव बहुतेक ठिकाणी नाहीच. नाव कशाला हवं? माणूस पाहायचाच नव्हता, नमुना पाहायचा होता.

ह्याच्या शेजारी कोरेगाव भीमाचा स्तंभ ठेवून बघा. तिथं १ जानेवारी १८१८ ला पडलेल्यांची नावं दगडात कोरलेली आहेत. शेवटी 'नाक' लागलेली नावं आपण बोटानं चाचपून वाचतो. तिथं नावं आहेत, चेहरे नाहीत. साहेबाच्या ग्रंथात चेहरे आहेत, नावं नाहीत. आपला सगळा इतिहास असा दोन तुकड्यांत पडलेला आहे, आणि मधली जागा जो तो आपल्या कल्पनेनं भरतो आहे.

मराठी साहित्यात हे भरण्याचं काम शब्दचित्र लिहिणाऱ्यांनी केलं. व्यंकटेश माडगूळकरांचं 'माणदेशी माणसं' (१९४९) घ्या. पुस्तक चांगलं आहे, आणि चांगल्याला चांगलं म्हणायला माझी जीभ झडत नाही. माडगूळकर त्या मातीतले. ही माणसं त्यांनी लांबून पाहिलेली नाहीत, म्हणून ती श्वास घेतात. पण नुसती अनुक्रमणिका वाचा. नामा मास्तर, रघू कारकून, बिटाकाका, बन्याबापू. आणि मग गणा महार, शिदा चांभार, धर्मा रामोशी. एकाला धंदा मिळाला, एकाला काका-बापू मिळालं, आणि आपल्या माणसाला नावामागं जात मिळाली. हा दोष एकट्या लेखकाचा नाही, गावाचीच हाक मारायची तऱ्हा ती. पण गावाची हाक जशीच्या तशी पुस्तकात आली की ती साहित्याची हाक होते, आणि मग शाळेतलं पोरगं तीच शिकतं. माया असूनही नजर वरूनच पडते, ती अशी.

सदाशिवपेठी कथेत तर मायाही नाही. तिथं कामगार येतो तो घामाच्या वासासकट येतो आणि दोन पानांत दारू पिऊन मरतो.

आता माझ्या खात्यातलं सांगतो, कारण हे अजून संपलेलं नाही. आमच्याकडं एकदा शहरातून फोटो काढणारे आले होते. माणसं भली होती, चहा घेतला, सगळ्यांशी हसून बोलली. आमच्या एका आक्काचा फोटो त्यांनी काढला. केसांत, भुवईवर कापसाची भुकटी, नजर कुठंतरी लांब. पुढं त्यांचं प्रदर्शन भरलं. फोटोखाली ओळ होती : आयुष्याला थकलेली स्त्री, हरवलेल्या स्वप्नांच्या शोधात. मोबाईलवर तो फोटो खात्यात आला. आम्ही आक्काला वाचून दाखवला. आक्का पोट धरून हसली. म्हणाली, "आरं बाबांनो, मी भिशीचा हिशोब लावत हुते. दोघींचं पैसं यायचं राहिलं हुतं, त्या कोण कोण ते आठवत हुते. सपान कसलं शोधतीया!"

ती थकत नाही असं नाही. तिसऱ्या पाळीनंतर लोखंडसुद्धा थकतं. पण त्या क्षणाला ती पैशांचा हिशोब करणारी, दहा बायांची भिशी चालवणारी, डोक्यानं तल्लख अशी बाई होती. फोटोवाल्यानं तिची बुद्धी काढून घेतली आणि तिच्या पदरात दुःख घातलं. आपल्याबद्दल कळवळा असलेली माणसं नेहमी हेच करतात. आपल्याला दुःख द्यायला ती फार उदार असतात. त्या भल्या माणसाला एकच गोष्ट जमली नाही. 'आक्का, काय चाललंय मनात?' एवढं विचारणं.

दलित आत्मकथनं आली तेव्हा ह्या धंद्याला पहिला धक्का बसला. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं. त्यात दगडू मारुती पवार आणि दया पवार समोरासमोर बसून बोलतात. म्हणजे चित्र काढणारा आणि ज्याचं काढायचं तो, एकच माणूस. मधला परका उठून गेला. शब्दांत हे झालं. रंगरेषेत व्हायला मात्र वेळ लागला, कारण कागद-पेन्सिल स्वस्तात मिळते, चित्रकलेचं शिक्षण मिळत नाही.

३

सवी सावरकर १९६१ साली नागपुरात जन्मला. बडोद्याला छापचित्रण शिकला, पुढं दिल्लीच्या कला महाविद्यालयात शिकवलं. मनू, देवदासी आणि पेशवाईतल्या पुण्याचा अस्पृश्य हे त्याचे परत परत येणारे विषय. गळ्यात मडकं घेतलेल्या माणसाला तो सोडतच नाही. एकदा काढून त्याचं समाधान होत नाही. दोनशे वर्षं कुणी काढलं नाही त्याची भरपाई एकटा करत असल्यासारखा काढत राहतो.

लक्षात घ्या, हा माणूस त्यानं पाहिलेला नाही. कुणीच पाहिलेला नाही. अनोळखी माणसाचं चित्र काढणं वेगळं. इथं तर अनोळखी माणूस समोरही नाही, दोनशे वर्षांपलीकडं उभा आहे. मग हे चित्र खरं कसं?

पेठांतले काही विद्वान आपल्याला विचारतात, मडक्याचा अस्सल कागद दाखवा. त्यांना उत्तर म्हणून आपले काही मित्र सवीचं चित्र पुढं करतात. असं करू नका. चित्र हा पुरावा नव्हे. पुरावा म्हणून मुक्ता साळवेचा निबंध दाखवा. जोतीबांच्या शाळेतली ही मांगाची चौदा वर्षांची पोरगी. १८५५ साली तिचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. बाजीरावाच्या राज्यात तालमीसमोरून जाणाऱ्या मांग-महाराचं काय होई, गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या मुंडक्याचा चेंडू कसा होई, इमारतीच्या पायात माणसं कशी पुरली जात, हे तिनं लिहून ठेवलं. तेव्हा पेशवाई बुडून सदतीस वर्षं झाली होती. पेशवाई भोगलेली म्हातारी माणसं तिच्या वस्तीत अजून जिवंत असणार. मुक्ता मनानं रचत नव्हती. वस्तीत जे बोललं जाई ते तिनं कागदावर आणलं. साक्ष ती ही.

सवीचं चित्र साक्ष देत नाही, दुसरं काम करतं. साक्षीतल्या माणसाला ते अंग देतं. त्याची रेघ जाड, काळी, खरबरीत; नखानं ओरखडल्यासारखी. गोंडस बापुडा हरिजन तिच्यात मावतच नाही. पाहणाऱ्याला कीव करायची सोय त्यानं ठेवलेली नाही, ही त्याची पहिली कमाई. दुसरी कमाई सूर्याची. 'काळ्या सूर्याखालचे दोन अस्पृश्य' असं त्याचं एक चित्र आहे. त्यावर कलेचे जाणकार काय म्हणतात ते म्हणोत, मला त्यात सावलीचा कायदा दिसला. ज्या सूर्याच्या उजेडामुळं आपली सावली विटाळ ठरली तो सूर्यच सवीनं काळा करून टाकला. काळा सूर्य सावली पाडत नाही. त्याच्याखाली हे दोघं नऊच्या आधी आणि तीनच्या नंतर, केव्हाही उभे राहू शकतात. हा विद्रोह आहे, आणि घोषणा न देता केलेला आहे.

आपल्या वस्त्यांतल्या पाट्या रंगवणाऱ्यांनी असंच एक काम फार पूर्वी केलं. बाबासाहेबांचे बहुतेक फोटो काळेपांढरे. तरी गल्लीगल्लीतल्या भिंतीवर त्यांचा कोट निळा आहे. तो निळा रंग आपण दिला, आपल्या झेंड्याचा. पण चेहरा फोटोतलाच ठेवला, त्यात कुणी ढवळाढवळ केली नाही. कल्पना कुठं चालवायची आणि कुठं हात आवरायचा हे त्या अंगठेबहाद्दर पेंटरला बरोबर कळत होतं.

एवढं कौतुक झाल्यावर आता माझं भांडण. सवीचा हा माणूस कायम रस्त्यावर आहे. तो घरी कधी जात नाही. ते मडकं कुठल्या कुंभाराकडनं आलं? विकत घ्यावं लागलं का? संध्याकाळी वेशीबाहेर आल्यावर त्यानं ते गळ्यातनं काढलं असेल, तेव्हा कुठं ठेवलं? झोपडीच्या आत की बाहेर आढ्याला? पोरानं खेळायला घेतलं तर बाप काय म्हणाला? फुटलं त्या दिवशी काय झालं? बायकोनं त्या रात्री भाकरी वाढताना कुणाला शिव्या दिल्या? आणि हा गडी हसला कशाला होता, कारण हसल्याशिवाय माणूस इतकी वर्षं जगत नाही. हे प्रश्न मला पडतात, आणि सवीच्या चित्रात मला ते सापडत नाहीत. एका चित्रात सगळं मावत नाही हे कबूल. पण पुन्हा पुन्हा काढलेल्या माणसाला एकदा तरी मडकं काढून बसू द्यावं. नाहीतर मडकं आणि झाडू हीच त्याची ओळख होते. म्हणजे पेशव्यानं दिलेली ओळख आपणही कायम केली. साहेबाच्या ग्रंथातला तो नमुना होता. आपल्या चित्रात तो पुन्हा नमुनाच होऊ नये.

ही गोष्ट सवीपेक्षा आपल्याला जास्त लागू आहे. दर १ जानेवारीला कोरेगावच्या वाटेवर बॅनर लागतात. त्यावर मडकंवाला असतो, मान खाली, पाठ वाकलेली, चेहरा धड नाही. शेजारी तलवारवाला शिपाई, छाती पुढं. एक वाकलेला, एक ताठ. मधला माणूस कुठं आहे? वाकलेला होता तोच ताठ झाला ना? मग चेहरा एकच पाहिजे. पण बॅनरवर दोन वेगळी माणसं दिसतात, कारण आपणही त्यांना नावानं ओळखत नाही.

४

तर मग कल्पना करायचीच नाही का? करायची. पण कुणाची करायची आणि कुणाची नाही, ह्याचा आपला कायदा आपण ठरवू. माझ्या मते कायदा साधा आहे : जो मेला आणि ज्याला कुणी बोलू दिलं नाही त्याची कल्पना करा, जीव ओतून करा, त्याला घर द्या, नाव द्या. जो जिवंत आहे त्याची कल्पना करू नका. त्याला विचारा.

हे लिहिताना नारायण पेठेचं नाव मी मुद्दाम घेतो. ही पेठ नारायणराव पेशव्याच्या नावाची. शनिवारवाड्यापासून हाकेच्या अंतरावर. टिळकांचा गायकवाड वाडा, म्हणजे केसरीवाडा, इथंच. ह्या वाड्यात भिंतीवर कुणाचं चित्र असणार हे सांगायला नको. पण ह्याच वाड्यात लोकमान्यांचा धाकटा मुलगा श्रीधरपंत राहत होता. १९२७ साली राजभोजांचा अस्पृश्यांचा मेळा त्यानं विरोध मोडून वाड्यात आणला. ८ एप्रिल १९२८ ला समाज समता संघाची शाखा तिथंच काढली. २५ मे १९२८ ला त्यानं रेल्वेखाली जीव दिला. तो जातीनं आपल्याला अनोळखीच होता. पण अस्पृश्यांच्या दुःखाची गोष्ट त्यानं खुर्चीत बसून रचली नाही. दार उघडलं, माणसं आत घेतली, एका पंगतीला बसला. परक्याला आपलं चित्र काढायचंच असेल तर त्याची वाट ही अशी आहे. मधलं अंतर आधी तुटलं पाहिजे, रंग मागाहून कालवावेत.

ह्याच पेठेत पहाटे जाऊन उभे राहा. दुकानं बंद, वाडे झोपलेले. रस्त्यावर झाडूचा आवाज. झाडणारी कोण? कचऱ्याच्या डब्यातनं कागद, काच, पत्रा वेगळं करणारी कोण? बहुतेक आपलीच. दोनशे वर्षांपूर्वी ह्या शहरात झाडू कमरेला होता, आज हातात आहे. कवीला ही ओळ लगेच सुचते, मलाही सुचली. पण ह्या ओळीवर कविता करून घरी जाणं म्हणजे त्या फोटोवाल्याचंच काम. त्या बाईला झाडूशिवाय आणखी पुष्कळ आहे. पोराची फी आहे, मुकादमाशी भांडण आहे, युनियनची वर्गणी आहे. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिनं कचरा वेचणाऱ्या बायांना महापालिकेची मान्यता असलेलं ओळखपत्र मिळवून दिलं. त्यावर बाईचा फोटो, आणि फोटोशेजारी तिचं नाव. कोरेगावच्या स्तंभावर नुसती नावं, साहेबाच्या ग्रंथात नुसते चेहरे. ह्या चौकोनी कार्डावर दोन्ही एका जागी आलं. मी तर ह्या कार्डाला आपल्या चित्रकलेच्या इतिहासात जागा देईन. कुणाला हसायचं असेल त्यानं हसावं.

म्हणून कार्यकर्त्यांना एवढंच सांगणं आहे. पुढच्या बॅनरसाठी पेंटरकडं जायच्या आधी आपापल्या वस्तीत एका म्हाताऱ्या माणसासमोर बसा. पेन्सिल चालत असेल तर चेहरा काढा, नसेल चालत तर फोटो घ्या. नाव, गाव, आजोबाचं नाव विचारा. गावकीची कुठली कामं केली, कुठलं करायला नकार दिला, कधी पोटभर हसला, हे विचारा. तो सांगेल ते त्याच्या बोलीत लिहा, शुद्ध करू नका. लिहिलेलं त्याला वाचून दाखवा, आणि नको म्हणाला तर फाडून टाका. असे पाच-पन्नास चेहरे नावासकट जमले की मग मडकंवाल्या माणसाचं चित्र काढायला आपला हात तयार होईल. त्याचं नाक, त्याचे डोळे, हसताना पडणारी घडी, सगळं ह्याच चेहऱ्यांतनं मिळेल, कारण तो ह्यांचाच पणजा-खापरपणजा.

ह्या अंकाच्या पुढच्या पानांसाठी कविता ढीगभर येतात. चेहरे येत नाहीत. ते पाठवा. स्टेन्सिलवर रेघ नीट उठत नाही, तरी पाठवा. खाली नाव लिहायला विसरू नका. जात लिहायची गरज नाही.

जय भीम!